मेन स्विच अकरा पावलांवर

४ जानेवारी २०२५, शनिवार. नांदुरा स्टेशन, संध्याकाळी ५.१०

पिंपळगाव राजाची बस सुटली. पुढची सव्वासहाला. तेवढ्यात डायरी सुरू करतो. डायरी बियाण्याच्या कंपनीची, दुकानदाराने फुकट दिलेली. प्रत्येक पानाच्या तळाशी शेतकऱ्याला सल्ला छापलाय. आजचा: हरभऱ्यावरील घाटेअळीकडे दुर्लक्ष करू नका.

अकोल्याच्या मेंदूच्या डॉक्टरांनी आज नक्की सांगितलं. मंजूला एपिलेप्सी आहे. म्हणजे फिट. म्हणजे आई म्हणते ती मिरगी. डिसेंबरात शाळेत प्रार्थनेच्या वेळी पडली, नंतर घरी दोनदा. पंधरा वर्षांची पोर, दहावीचं वर्ष. महामाया डॉक्टरांसमोर रडली नाही, गाडीत खिडकीकडे तोंड करून रडली. बायकोचं ठीक आहे. मी रडलो नाही. घरात एक जण तरी खंबीर पाहिजे.

डॉक्टर म्हणाले, मेंदूत वीज असतेच, सगळ्यांच्याच असते. हिच्या मेंदूत ती मधूनच एकदम जास्त सुटते, म्हणून झटका येतो. हे ऐकून मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू. मी एकवीस वर्षं लाइनमन आहे. पोटाचा, छातीचा आजार असता तर हातपाय गाळले असते. हा आपल्या खात्याचा निघाला.

सूचना: गोळी सकाळ-संध्याकाळ, एकही चुकवायची नाही. झोप पूर्ण. फिट आली तर कुशीवर करा, तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखाना. आणि जवळ थांबा. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं, का ते कळलं नाही. उघड गोष्ट आहे.

शिवाय दर वेळची नोंद ठेवायची. तारीख, वेळ, किती मिनिटं, आधी काय झालं, जवळ कोण होतं. म्हणूनच ही डायरी. महामायाला म्हटलं, आजपासून पूर्ण जबाबदारी माझी. तिने डोळे मिटले. थकली असेल.

५ जानेवारी, रविवार

विहारात वंदना झाल्यावर दर रविवारी मी दहा मिनिटं बोलतो. विषय विज्ञान. आज नाव न घेता मिरगी घेतली. कांदा हुंगवणे, चप्पल हुंगवणे, मुठीत लोखंडी किल्ली देणे, सगळ्याचे वाभाडे काढले. शेवटी टाळ्या. (चार.)

घरी आलो तर मंजूच्या उशाशी कांदा. खाटेखाली आईची चप्पल, चटकन हाताशी यावी अशी. दोन्ही उचललं. आई म्हणे, राहू दे नं बे, कांदा काय तुले चावते?

दुपारी ड्रिल घेतली. मी पेशंट झालो, चटईवर पडून हातपाय झाडले. महामायाने कुशीवर करायचं, मंजूने वेळ मोजायची. मंजू हसत सुटली. बऱ्याच दिवसांनी हसली. महामाया म्हणाली, समदं खरं, पन तुम्ही पेशंट झाले, मंग तुमचं काम कोन करन? 

८ जानेवारी, बुधवार

लाइन ट्रिप व्हायला लागली की आपण आधी काय करतो? लोड कमी. मंजूचा मोबाइल काढून घेतला. टीव्ही बंद. गणित महिनाभर बंद. गणिताचा मेंदूवर सर्वांत जास्त लोड येतो, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत मुलींचं लेझीम असतं. गेल्या वर्षी ती शेवटच्या रांगेत होती, या वर्षी पहिल्या रांगेत घेणार म्हणतात. म्हटलं, लेझीम म्हणजे हाय टेन्शन. बंद.

ती जेवली नाही. महामाया म्हणे, डॉक्टरनं लेझीमले नाही म्हटलं का? गनिताले नाही म्हटलं का? म्हटलं, डॉक्टर काही पोलवर चढलेला माणूस नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

गणित सुरू. माझ्या परवानगीशिवाय.

१२ जानेवारी, रविवार

मूळ दोष सापडला. अर्थिंग नाही! जादा करंट जमिनीत उतरायला वाट पाहिजे. मंजूची खाट लोखंडी आहे. अंगणात तीन फूट खड्डा घेतला, रीतसर कोळसा, मीठ, कोळसा, मीठ असे थर दिले, मध्ये सळई, सळईपासून खाटेच्या पायापर्यंत तांब्याची तार. वरून दोन बादल्या पाणी. कमरेचा काटा ढिला झाला, पण काम उत्तम. मंजूने विचारलं, पप्पा, मी काय गल्लीतली डीपी हाय का? लहान आहे.

१५ जानेवारी, बुधवार

मनःस्ताप. विहाराचे अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, संघपाल, तुम्ही अंगणात पुरणी केली म्हनतात लोक. कोळसा, मीठ, खड्डा. पोरीवर कोनं काही केलं म्हनून तुम्ही उतारा केला म्हनतात. मी म्हणालो, ते अर्थिंग आहे. ते म्हणाले, हो, पन या रविवारी दुसऱ्याले बोलू द्या.

तार काढली. खड्ड्यात आईने कढीपत्त्याचं रोप लावलं. मिठामुळे जगणार नाही हे मी सांगितलेलं आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

फिट. सकाळी सात-चाळीस किंवा पन्नास. मंजू वेणी घालत होती, खाली गेली. मी दाढी करत होतो. प्रसंगावधान राखून तत्काळ मेन स्विचकडे धावलो आणि घराचा सप्लाय बंद केला. खाटेपासून अकरा पावलं. परत आलो तोवर फिट संपत आली होती, महामायाने कुशीवर केलेलं होतं. मिनिटं: कमी असावीत.

आई म्हणे, लाइट काऊन बंद केली बे? म्हटलं, शॉक लागलेल्या माणसाला हात लावायच्या आधी सप्लाय बंद, हा आमचा पहिला नियम. आई म्हणे, तिले कुठी शॉक लागला? अन् म्या चप्पल हुंगोली तं मी अडाणी, तू लाइट बंद केली तं ते सायन्स?

अपुऱ्या माहितीवर बोलते ती. याच नियमाने २००९ साली आमचा हेल्पर हिंमतराव वाचला होता. पोलवर चिकटला होता, मी धावत जाऊन लाइन तोडली. ‘प्रसंगावधान दाखवल्याबद्दल’ ऑफिसने दिलेलं सर्टिफिकेट भिंतीवर आहे. आईनेच हार घातलाय त्याला.

१९ जानेवारी, रविवार

सुधारणा. वाटेतली पत्र्याची पेटी सरकवून दाराशी ठेवली. आता स्विच नऊ पावलांवर. चार वेळा पळून पाहिलं. दम लागतो. सिगारेट सोडणे: १ फेब्रुवारीपासून.

२ फेब्रुवारी, रविवार

सिगारेट १ मार्चपासून. सध्या टेन्शन आहे.

दमलो. येणारा-जाणारा प्रत्येक जण इलाज सांगतो. खामगावचा एक जण नस दाबतो. मलकापूरकडे कुणी पाण्यातून औषध देतो. मी सगळ्यांना सांगतो की तिला अशक्तपणा आहे, बाकी काही नाही. उद्या लग्नाचं बघावं लागेल, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार. मंजूने हे ऐकलं. म्हणाली, पप्पा, विहारात तुम्ही खरं बोला म्हनता. मी म्हणालो, ते विहारात.

९ फेब्रुवारी, रविवार

फिट. संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास, खाटेजवळ. मी नऊ पावलांत स्विच गाठला. रेकॉर्ड. घरात पूर्ण अंधार झाला. अंधारात मंजूचं कपाळ खाटेच्या पायाला लागलं, महामायाला तिची मान कुठल्या बाजूला आहे ते दिसेना, आणि आई तिकडे यायला उठली ती दाराशी ठेवलेल्या पेटीवर पडली. गुडघा भोपळ्याएवढा. मिनिटं: सांगता येत नाहीत, अंधारात घड्याळ दिसत नाही.

महामाया काही ओरडली नाही. फक्त म्हणाली, लाइट लावा. मग परत म्हणाली, लाइट लावा हो.

पेटी पुन्हा जुन्या जागी. अकरा पावलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

महामाया अंगणवाडी सेविका. एप्रिलात तिचं तीन दिवसांचं ट्रेनिंग आहे, बुलढाण्याला, मुक्कामी. मी मोरीत हात धूत होतो, त्या दोघी स्वयंपाकघरात. मंजू म्हणत होती, मम्मी, तू ट्रेनिंगले गेली तं मले पप्पाजवळ एकटं नको ठेवजो. आजी असन तं ठीक.

नळ बंद केला आणि उभा राहिलो. महामाया म्हणाली, असं नाही म्हनू. मंजू म्हणाली, पप्पा असले की लाइट जाते.

माझ्या ड्युटीचा ताण पोरीला कळतो, म्हणून माझ्यावर भार नको असं तिला वाटत असणार. समजूतदार आहे.

हात परत धुतले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दहावीचा पहिला पेपर. मी हाफ डे टाकून केंद्रावर गेलो. शाळेचा मेन स्विच कुठे आहे ते आधीच पाहून ठेवावं म्हणून मागच्या भिंतीवरून डोकावलो. बंदोबस्ताच्या पोलिसाने धरलं. खिसे तपासले. खिशात टेस्टर, पक्कड आणि डॉक्टरांच्या सूचनांचा कागद, चार घड्या घातलेला. कॉपी म्हणून जप्त. केंद्रप्रमुखांनी तो उघडून मोठ्याने वाचला: तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका. मग म्हणाले, तुम्ही तायडेचे वडील का? मंजुश्रीने कालच येऊन सांगितलं आम्हाला. स्वतःच आली होती. तिच्या मैत्रिणीला, प्रेरणाला, मागचा बाक दिलाय, तिला सगळं माहीत आहे काय करायचं ते.

म्हणजे अख्ख्या शाळेला माहीत आहे. आणि मी अजून अशक्तपणा सांगतोय.

१६ मार्च, रविवार

पेपर संपत आले, फिट नाही. मी मंजूला लेझीमची परवानगी दिली. बराच विचार करून निर्णय घेतला. (महामायाने अकोल्याला फोन केला होता, डॉक्टर म्हणाले खेळू द्या, झोप आणि गोळी सांभाळा. पण अंतिम निर्णय माझा.) मंजू म्हणाली, थँक्यू पप्पा, मी बारा तारखेपासून जाऊन राह्यली.

पानाखालचा सल्ला: उन्हाळी मुगाला वेळेवर पाणी द्या.

६ एप्रिल, रविवार

सविस्तर लिहिण्याची इच्छा नाही. थोडक्यात.

संध्याकाळी विहारापुढच्या मैदानात लेझीमची प्रॅक्टिस. तीस-पस्तीस मुली, हॅलोजन लावलेले, ढोल. मी स्टँडबाय म्हणून कडेला उभा. मंजू पहिल्या रांगेत. चांगली खेळते. इतकी चांगली खेळते हे मला माहीत नव्हतं.

सात-दहाला पडली. प्रेरणा लगेच खाली बसली, कुशीवर केलं, आपली ओढणी तिच्या डोक्याखाली घातली, बाकीच्या मुलींना म्हणाली, सरका, हवा येऊ द्या, कोनी नका धरू. ढोल थांबला. सगळं शिस्तीत. हे मला नंतर सांगण्यात आलं. कारण तेव्हा मी मैदानाच्या टोकाला, गल्ल्यांना वीज वाटणाऱ्या डीपीच्या पेटीशी होतो आणि तिचा मेन खाली ओढलेला होता.

तीन गल्ल्या अंधारात. पिठाची चक्की बंद. मैदानात मुली किंचाळल्या, धावल्या. कुणाचा तरी पाय मंजूच्या उजव्या हातावर पडला.

करंगळीशेजारचं बोट. हाड चिरलंय. तीन आठवडे पट्टी. म्हणजे १४ तारीख गेली.

७ एप्रिल, सोमवार

जेई (ज्युनिअर इंजिनिअर) राजकुमार साहेबांनी बोलावलं. साहेब तीस वर्षांचे, सौम्य बोलतात, त्याने जास्त लागतं. विनापरवाना पुरवठा खंडित केल्याबद्दल मेमो. खुलासा तीन दिवसांत. साहेबांनी विचारलं, तायडे, तिथे शॉकची केस होती का? नाही. लाइनवर दोष होता? नाही. मग का बंद केलीत? मी म्हणालो, सर, मुलगी पडली. साहेबांनी पेन बंद केलं. म्हणाले, तेच लिहा खुलाशात.

तीन ओळी लिहिल्या. फाडल्या.

९ एप्रिल, बुधवार. अकोल्याहून परत येताना, गाडीत

तीन महिन्यांची तपासणी. डॉक्टरांनी नोंदी मागितल्या. मी डायरी पुढे केली. त्यांनी पानं उलटली. एका ठिकाणी ‘मिनिटं: कमी असावीत’. एका ठिकाणी ‘अंधारात घड्याळ दिसत नाही’. बाकी सगळं माझ्याबद्दलच. त्यांनी मुगाचा सल्लाही वाचला असावा. डायरी मिटून परत दिली.

मंजूने दप्तरातून शंभर पानी वही काढली. पट्टीने आखलेले पाच कॉलम. डिसेंबरपासूनच्या सगळ्या फिट. ती स्वतः तर बेशुद्ध असते, म्हणून शुद्धीवर आली की जवळच्याला विचारून लिहिते. सतरा जानेवारी, दीड मिनिट, जवळ: मम्मी. नऊ फेब्रुवारी, दोन मिनिटं (मम्मीने मनात आकडे मोजले), जवळ: मम्मी, आजी (पडली). सहा एप्रिल, दोन मिनिटं दहा सेकंद, जवळ: प्रेरणा.

या तिन्ही ओळींच्या शेवटी समासात बारीक अक्षरात लिहिलेलं: पप्पा – स्विच. पप्पा – स्विच. पप्पा – डीपी.

डॉक्टरांनी विचारलं, हे काय आहे?  मग मीच सांगितलं. सप्लाय, पहिला नियम, अकरा पावलं. डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, अहो, वीज मी फक्त समजावं म्हणून म्हणालो होतो. ती बाहेरून येत नाही. ती बंद करायला स्विच नाही. गोळी आहे, तिचं काम ती करेल. तुम्ही फक्त जवळ थांबा.

गोळी अर्ध्याने वाढवली.

आता शेगाव गेलं. समोर मंजू झोपलीय, पट्टीचा हात छातीवर. महामाया जागी आहे, पण माझ्याशी बोलत नाही, आणि रागावलेलीही नाही. नुसती दमलीय. तीन महिन्यांत तिच्या डोळ्यांखाली काळं आलंय हे आज दिसलं. समोरासमोरची सीट मिळाली म्हणून.

मला भीती वाटते. ती पडली की मला तिच्याकडे बघवत नाही. तिचे डोळे वर जातात ना, तेव्हा ती तिथे नसते. मला तिथून निघायला काहीतरी काम लागतं.

हे पान फाडायचं.

११ एप्रिल, शुक्रवार

पान फाडायचं राहिलं.

दुपारी हिंमतराव आला होता, मंजूला बघायला. रिटायर होऊन चार वर्षं झाली. भिंतीवरचं सर्टिफिकेट बघून हसला. मंजूने विचारलं, काका, तुम्हाले पप्पांनी कसं वाचवलं? मी पाणी आणायला उठलो, तरी ऐकू येत होतं. हिंमतराव म्हणाला, तुह्या बापानं लाइन तोडली हे खरं हाय बाई. त्याच्यानंच मी जित्ता हाओ. पन मंग तो आलाच नाही. तिकडं स्विचपाशीच बसला, दांडा धरून. मले खाली उतरोलं, पाणी पाजलं ते एका बकऱ्यावाल्यानं. तुहा बाप पोलवर वाघ हाय. पन मानूस पडला का त्याच्याच्यानं पाहावत नाही. अर्धा तास तिथीच बसून होता.

म्हातारा झालाय हिंमतराव. काही लक्षात राहत नाही त्याच्या.

पाऊण तास होता.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. मिरवणुकीत मंजू लेझीमच्या पुढे चालली, डाव्या हातात निळा झेंडा. पट्टीचा हात पोटाशी. मागे तीस मुली खेळत होत्या, ती एकदाही मागे वळून बघत नव्हती. बघितलं असतं तर रडली असती, मी ओळखतो तिला. निदान तेवढं तरी ओळखतो.

रस्त्यात दोघातिघांनी विचारलं, पोरगी काऊन नाही खेळत? मी म्हणालो, तिला फिट येतात. मिरगी. औषध चालू आहे. आणि हात माझ्यामुळे मोडला. एक जण म्हणाला, असं का, आणि पुढे गेला. एवढंच झालं.

निर्धार: उद्यापासून मेन स्विचकडे बघायचंसुद्धा नाही.

१९ एप्रिल, शनिवार

बघितलं. पण नुसतं बघितलं.

खुलासा दिला. एक ओळ: ‘मुलगी पडली म्हणून घाबरलो.’ तारीख टळून गेली होती. साहेबांनी घेतला.

महामायाचं ट्रेनिंग सोमवारपासून. जाऊ का नको, जाऊ का नको करत होती. आई म्हणाली, जाय तू, मी हाओ नं.

२२ एप्रिल, मंगळवार

आई नाही. देऊळघाटची तिची बहीण सकाळी वारली, पहिल्या गाडीने गेली. जाताना मंजूच्या उशाशी कांदा ठेवून गेली. मी उचलला नाही. रजा टाकली. महामायाला फोन केला, ती म्हणाली, येऊ का मी? म्हटलं, कशाला, मी आहे ना. ती मग म्हणाली, प्रेरणाले बोलवा. प्रेरणा म्हणाली, चारला येते.

म्हणजे चारपर्यंत मी.

मंजू समोरच बसली होती, ताक घेत. मी घड्याळ घातलं होतं. कुशीवर, तोंडात काही नाही, दाबायचं नाही, घड्याळ. पाठ म्हणत होतो. तिने विचारलं, पप्पा, काय पुटपुटून राह्यले? म्हटलं, काही नाही.

तीन वाजून काहीतरी. ग्लास पडला. मी उठलो आणि धावलो. अकरा पावलं. हात स्विचवर. तेव्हा लक्षात आलं, लाइट दोनपासूनच नाही. आपल्या फीडरवर, म्हणजे गावाच्या लाइनवर, आज शटडाउन, मीच सकाळी सांगितलं होतं. बंद करायला काही शिल्लकच नव्हतं. तरी दांडा खाली ओढला. काहीच झालं नाही. पंखा आधीच थांबलेला. घर इतकं शांत की मागे तिची टाच फरशीवर आपटत होती ती ऐकू येत होती.

परत अकरा पावलं. या बाजूने मी ती कधी मोजली नव्हती.

खाली बसलो. हात लावायच्या आधी एकदा मागे घेतला. खरंच वाटलं, शॉक लागेल. नाही लागला. कुशीवर केली. टॉवेल डोक्याखाली. ताक सांडलं होतं त्यात तिचे केस, ते बाजूला केले. डोळे वर गेले होते. बघितलं. मग बोलत बसलो, म्हणजे मी जवळ आहे हे तिला कळावं. काय बोलावं सुचेना, म्हणून सबस्टेशनचे सगळे फीडर क्रमाने म्हणून दाखवले. दोनदा म्हणून झाले असतील. मग तिचा श्वास सावकाश झाला, हात सैल पडला. लाळ पुसली. झोपली. मी रडलो. कुणी बघितलं नाही, लिहायला हरकत नाही.

चारला प्रेरणा आली. दारातूनच म्हणाली, काका, लाइट तुम्ही बंद केली का? म्हटलं, नाही, शटडाउन आहे. आत आली, मंजूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चहा ठेवायला गेली.

साडेचारला मंजू जागी झाली. डोकं दुखतंय म्हणाली. इकडेतिकडे बघितलं. आजी नाही, मम्मी नाही. माझ्या शर्टावर ताक होतं, ते बघितलं. मग म्हणाली, वही आना.

उजव्या हाताला पट्टी, म्हणून ती सांगणार, मी लिहिणार. तारीख लिहिली. वेळ, तीन वाजून काहीतरी. किती मिनिटं, तिने विचारलं. म्हटलं, दोन. अडीच. ती म्हणाली, पप्पा, खरं सांगा. मनगटावर घड्याळ होतं. चालू होतं. मी एकदाही बघितलं नव्हतं. म्हटलं, माहीत नाही गं. ती म्हणाली, मंग तसंच लिहा. लिहिलं: माहीत नाही.

आधी काय झालं: ताक पीत होती.

पाचवा कॉलम, जवळ कोण. मी थांबलो. ती म्हणाली, लिहा नं. अक्षर नीट काढून लिहिलं: श्री. संघपाल भाऊराव तायडे, वरिष्ठ तंत्रज्ञ. तिने वही ओढून वाचली. म्हणाली, खोडा हे. पप्पा लिहा.

खोडलं. पप्पा लिहिलं.

गावात लाइट पाच-चाळीसला आली. आपल्याकडे सहाला. मेन वर करायचा राहिला होता.